लायसन्सवरचं नाव

दिगंबरकाका कुणासाठी फुकट काही करतील यावर डॅलसच्या मराठी मंडळात कुणाचाच विश्वास नव्हता. जगन्नाथचा मात्र बसला. बसणारच. अर्विंगमधली नोकरी गेलेली, ग्रीन कार्ड नुकतंच हातात पडलेलं, आणि ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला ते मित्र फोन उचलेनासे झालेले. एक श्रीरंग तेवढा विचारपूस करायचा. अशा वेळी काकांनी बोलावून घेतलं. फ्रिस्कोच्या पलीकडे एका लहान गावात काकांचा मोबाइल होम पार्क होता. जमीन काकांची, आणि तिच्यावर ओळीनं मांडलेली, ट्रकनं ओढून आणलेली तयार घरं. घरंही काकांचीच, लोक भाड्यानं राहायचे. आता ती राहणाऱ्यांनाच विकून टाकायची, असं काकांच्या मनात आलं होतं.

"पण अशी घरं विकायची तर राज्याचं लायसन्स लागतं," काका म्हणाले. "कोर्सची फी मी भरतो, लायसन्स तू काढ. घरं तुझ्या नावावर करून देतो, तू पुढे विक. स्वतःच्या पायावर उभा राहशील."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. जगन्नाथनं परीक्षा दिली, लायसन्स फ्रेम करून पार्कच्या ऑफिसात लावलं आणि उन्हाळा सरायच्या आत जवळपास सगळी घरं विकली. भाडेकरूंचे मालक झाले; खालच्या जमिनीचं भाडं तेवढं काकांकडे जायचं. कुणी दाराला रंग दिला, कुणी पायरीशी टोमॅटो लावले. विक्रीच्या वेळी काका कधी समोर नसायचे. वयामुळे असेल, असं जगन्नाथला वाटायचं. भोळाच होता.

मग घर घेतलेल्यांपैकी मिसेस हॉलंडच्या घराची लाकडी फरशी कुजली. म्हातारीच्या मुलानं जुनं घर काढून त्याच जागी नवीन आणायचं ठरवलं. परमिशनसाठी जगन्नाथ गावाच्या ऑफिसात गेला. काउंटरवरच्या बाईनं नकाशा पाहिला आणि मान हलवली.

"तिथे नवीन घर आणता येणार नाही. गेल्या वर्षी झोनिंग बदललं, आता ती जमीन दुकानांसाठी आहे. उभी आहेत ती घरं राहू शकतात. एकदा घर हललं, की त्याच्या जागी दुसरं नाही."

"आणि पार्कच बंद झाला तर?"

"ज्याचं घर त्यानं उचलून न्यायचं. पण इतकी जुनी घरं आसपासचं कुठलंच गाव आत घेत नाही."

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं खरं, पण विंचवाला निदान जायला बीळ तरी असतं. जगन्नाथ गाडीत येऊन बसला तर त्याला किल्ली फिरवायचं सुचेना.

काका ऑफिसातच भेटले. बाहेर मोजणीवाले तिपाई लावून पार्कच्या कडेनं लाल झेंड्या रोवत होते.

"तुम्हाला माहीत होतं, काका?"

"बस आधी. चहा घे."

"पार्क बंद करणार आहात ना? म्हणून घरं त्यांच्या गळ्यात बांधलीत. काढायची पाळी तुमच्यावर येऊ नये म्हणून."

"मी कुठे बांधली रे?" काकांनी भिंतीकडे पाहिलं. आवाज अगदी मऊ होता. "विकली कुणी? ते नाव कुणाचं आहे?"

जगन्नाथनं चहा घेतला. त्याला स्वतःची लाज वाटली, पण घेतला.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. श्रीरंग आणि त्याची बायको रुचा. श्रीरंगच्या कंपनीनं पगार कापला होता. साठवलेलं सगळं घालून शेवटचं शिल्लक घर घ्यायला दोघं आली होती. आज मात्र काका उठून गेले नाहीत. हाताची घडी घालून ते बसून राहिले.

"भावजी, एकच विचारते," रुचा म्हणाली. "जागा आपलीच होणार ना?"

इंग्रजीत विचारलं असतं तर जगन्नाथला खोटं बोलावं लागलं असतं. जमीन भाड्याची, हे सांगायलाच हवं, असं कोर्समध्ये घोकून घेतलं होतं. पण आपल्याकडे फ्लॅट घेतला तरी माणूस म्हणतो, जागा घेतली. घर म्हणजेही जागा आणि जमीन म्हणजेही जागाच. जगन्नाथ त्या एका शब्दाच्या आडोशाला जाऊन उभा राहिला.

"हो वहिनी. जागा तुमचीच."

श्रीरंगनं त्याचा हात दाबला. "तू आहेस म्हणून घेतोय, यार," म्हणाला आणि सह्या करायला बसला. रुचानं तिथूनच साताऱ्याला फोन लावला. "बाबा, जागा घेतली आम्ही. हो, अमेरिकेत. थांबा, भावजींशीच बोला." फोन जगन्नाथच्या हातात आला.

"अभिनंदन हो, तुमच्यामुळे झालं," पलीकडून म्हातारा आवाज आला. "पण जमीन किती येते हो वाट्याला? किती गुंठे?"

श्रीरंग शेवटच्या पानावर सही करत होता. काका जगन्नाथकडे पाहत होते.

"भरपूर आहे, बाबा," जगन्नाथ म्हणाला.