पूजलेला लॉग

सर्व्हरच्या मागच्या जाळीत तांदळाचा एक दाणा अडकला होता, कुंकवाने लाल झालेला. आतला पंखा फिरला की तो थरथरायचा, पण पडायचा नाही. इफ्फत दिवाळीपासून त्याच्याकडे बघत होती.

अमरावतीच्या या खोलीतून कापसाचे भाव इंटरनेटवर जात. रोज सकाळी इफ्फत अकोला, अकोट, चांदूरला फोन लावून भाव विचारी आणि साइटवर चढवी. फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन गावात मिळाली ती ही एवढीच नोकरी, आणि घर तिच्यावरच चालत होतं.

कोणी साइट उघडली की यंत्र त्याची एक ओळ लिहून ठेवतं. त्या ओळींची फाइल म्हणजे लॉग. ती फुगत जाते, म्हणून शहाणी माणसं जुना भाग वेळच्या वेळी कापून टाकतात. मालक कमलाकांत वकील त्या शहाण्यांतले नव्हते. लक्ष्मीपूजनाला लोकांनी वह्या पूजल्या, यांनी लॉग पूजला. पहिलं पान छापून पाटावर मांडलं, यंत्रावर अक्षता टाकल्या.

"पूजलेली वही कोणी फाडते का, पोरी? हात लावशील तर घरचा रस्ता धर."

इफ्फतने खाली पडलेल्या अक्षता झाडून घेतल्या.

यंदा शेतकऱ्यांची पाहणी करायला मुंबई-दिल्लीहून पाहुण्यांची रीघ लागली होती. वकीलसाहेब प्रत्येकाला पडद्यावर लॉग पळवून दाखवीत. "पहा, किती कास्तकार येऊन राहिले!" पाहुणे माना डोलवीत. इफ्फतला त्या ओळी वाचता येत. निम्म्याहून अधिक ओळी वकीलसाहेबांच्या घरच्या कॉम्प्युटरच्या होत्या. किती लोक आले हे बघायला ते दिवसभर पान उघडं ठेवीत, आणि ते पान आपोआप पुन्हा पुन्हा उघडत राही. आरशासमोर उभं राहून गर्दी मोजणारा माणूस!

आज सकाळी लॉगने डिस्क गच्च भरली आणि साइट बंद पडली. लगेच अकोटहून नईमचा फोन, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातून.

"आपा, भाव काहून नाही दिसून राहिला? लोकं गाड्या भरून उभे हायेत. अकोल्याले न्यावं का इथंच टाकावं?"

वकीलसाहेब मागून डोकावले. "जागाच पाहिजे ना? मंग जुने भाव पुसून टाक. शिळे भाव कोण पाहते?"

ते भाव इफ्फतने एकेक फोन करून जमवले होते. आज विकायचं की थांबायचं, हे लोक त्यांच्यावरूनच ठरवत.

"आणि लॉग?"

"त्याले हात नाही लावायचा. परवा मुंबईचे पाहुणे येऊन राहिले. त्यांले काय दाखवू, तुझं तोंड?"

"आपा? हाय का?" फोनमधून नईम.

प्रयोगात मीटरचा काटा हललाच नाही की जसं बघतात, तसं इफ्फतने वकीलसाहेबांकडे बघितलं. मग रिसीव्हर हातातच ठेवून ती बोलली,

"थांब नईम, दिसतील भाव. लॉग पुसून राहिली मी, वकीलसाहेब. अन् घरचा रस्ता मले मालूम आहे."