मावशी म्हणून

खुल्या तुरुंगाला भिंत नव्हती, नुसतं कमरेएवढं कुंपण. सुटका जवळ आलेल्या बायकाच तिथे असत. दिवसा त्या शहरातल्या लॉन्ड्रीत कामाला जात, संध्याकाळी हजेरीला परत येत. तिथल्या अधिकारी बाई त्यांना मोबाईल लावायला, बसचा मार्ग विचारायला, अनोळखी माणसाशी मान वर करून बोलायला शिकवत. कपड्यांना इस्त्री करणारी म्हणून जिला सगळ्या इस्त्रीवाली म्हणत, तिला आज पहिल्यांदाच दिवसभराची रजा मिळाली होती. लेकीच्या घरी जायला.

लेकीने तिला जिन्यातच गाठलं.

"आई, ऐक. इथे सगळ्यांना सांगितलंय की तू... नाहीस. त्याशिवाय लग्नच जमत नव्हतं गं. आज मावशी म्हणून ये. पाया पडते तुझ्या."

इस्त्रीवाली एक पायरी खाली उतरली. पण लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईने मान डोलावली.

विहीणबाई मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या. "या, या! सुनेच्या माहेरचं कुणीतरी आलं एकदाचं," म्हणत त्यांनी नातू तिच्या मांडीवर दिला. जावयाने पंखा तिच्याकडे वळवला. पोराने तिचं बोट घट्ट धरलं, तशी तिला हलायचीही भीती वाटू लागली.

चहा झाल्यावर विहीणबाई आवाज उतरवून म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला नेमकं काय झालं होतं हो? विचारलं की ही नुसती रडते."

लेक घाईघाईने कपबशा गोळा करू लागली.

ताप म्हणावं? अपघात म्हणावं? स्वतःचंच मरण कसं सांगायचं? पोर टकामका तिच्याकडे बघत होतं. आज एक खोटं, उद्या दुसरं. आणि दारावरची बेल वाजली की लेक जन्मभर दचकणार.

"ती गेलेली नाही," ती कशीबशी म्हणाली. "मीच ती. हिचा बाप दारू पिऊन हिचा गळा दाबत होता. हाताला लागलं ते मी त्याच्या डोक्यात घातलं. तो उठलाच नाही. पुढच्या महिन्यात सुटेन मी."

विहीणबाईंनी झडप घालून पोर उचललं. "इतकं मोठं खोटं?" जावई बायकोकडे बघत राहिला.

"निघा तुम्ही," विहीणबाईंचा आवाज चिरकला. "लोकांना कळलं तर तोंड कुठे दाखवायचं आम्ही?"

इस्त्रीवाली उठली. घाईत चपलेचा पट्टा लागेना. लेकीने खाली वाकून तो लावून दिला.

"आईला बसपर्यंत सोडून येते."

"सूनबाई, विचार करून पाऊल टाक हं!"

लेकीने पाऊल टाकलं.

थांबा इमारतीच्या समोरच होता. तिथे पोचल्यावर लेकीने मागे वळून घराकडे पाहिलं. "आई, परत आत घेतील ना गं मला? बाळ आतच आहे."

आईने लेकीला पोटाशी धरलं.

"काहीही होवो," लेक म्हणाली, "तू सुटशील त्या दिवशी मी न्यायला येईन. आई म्हणून."

प्रवासी भरेपर्यंत बस थांबून होती. तिच्या खिडकीतून इस्त्रीवालीला दुसऱ्या मजल्याच्या उघड्या गॅलरीतलं बंद दार दिसलं, आणि त्यावर थापा मारणारी लेक. दार किलकिलं झालं. कुणी उघडलं ते दिसायच्या आत बस वळली.

न्यायालयाने आईला दिलेली शिक्षा संपत आली आहे. लेकीला ती कुठल्याच न्यायालयाने दिलेली नाही. ती आपण लोकांनी दिली आहे, आणि संपवायची कधी, तेही आपल्याच हातात आहे.