बिनसहीची चिठ्ठी

मी बोलतेय ती भिंतीवरून. जरा मान वर करा. साहेबांच्या खोलीच्या दाराशेजारी, पाण्याच्या पिंपाच्या वर टांगलेली, हिरव्या रंगाची, कुलूप लावलेली, तोंडाच्या जागी एक आडवी फट असलेली, ती मी. माझ्या पोटावर पांढऱ्या अक्षरांत 'तक्रारपेटी' असं लिहिलंय. लिहिणाऱ्याला जागेचा अंदाज आला नाही आणि शेवटचं अक्षर त्यानं कोपऱ्यात कोंबलं, त्यामुळे लांबून 'तक्रारपे' एवढंच वाचता येतं. मला त्याचं काही वाटत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी कोण ते ठाऊक असतं.

ही इमारत म्हणजे एक मोठं धुलाईघर आहे. तीन इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे झगे इथं येतात, धुतले जातात, फाटलं असेल तर शिवले जातात, इस्त्री होऊन परत जातात. माझा जन्मही इथलाच. मोडीत काढलेल्या एका कपाटाच्या दारापासून इथल्या सुतारकाकांनी मला घडवलं. नवे साहेब आले होते आणि त्यांना लोकांच्या मनातलं कळायला हवं होतं. सुतारकाका रंधा मारता मारता स्वतःशीच म्हणाले, "आजवर हिनं लोकांचे कपडे ठेवले, आता मनातलं ठेवील. तेवढं मात्र कुणी धुऊन आणणार नाही."

पहिल्याच महिन्यात मी माणसांविषयी बरंच शिकले. माणूस चिठ्ठी टाकायला येतो तेव्हा आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे, मग तहान नसली तरी पेलाभर पाणी पितो. स्तुतीच्या चिठ्ठीवर ठळक सही असते, तक्रारीच्या चिठ्ठीवर नसते. 'साहेब फार चांगले आहेत' असं लिहिणाऱ्यानं तर नावाखाली दोन रेघा मारल्या होत्या. चहा पाणचट असतो, पंखा कुरकुरतो, अमका तमक्याला हसतो, असलं पुष्कळ माझ्या पोटात जमायचं. पण इस्त्रीच्या तिसऱ्या टेबलाची वायर उघडी पडलीय, हात लागला तर झटका बसतो, हेही कुणीतरी नाव न घालता मलाच सांगितलं आणि दोन दिवसांत वायर बदलली गेली. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

माझ्यासमोरच शिवण विभागाचं दार आहे. ते कायम उघडं असतं, त्यामुळे आतली माणसं मला घरच्यासारखी झाली होती. त्यात सगळ्यांत जुने होते मास्तर. बावीस वर्षं ते एकाच मशीनवर बसत. त्यांनी लावलेल्या ठिगळावरून बोट फिरवलं तर जोड हाताला लागायचा नाही. माणूस सचोटीचा, पण जिभेला धार. त्यांच्या शेजारी आक्का बसायची. अकरा वर्षांपूर्वी घरावर वेळ आली म्हणून ती कामाला लागली, तेव्हा तिला सुईत दोरासुद्धा नीट ओवता येत नव्हता. मास्तरांनीच तिला शिकवलं. सुई मोडली तर ते रागवायचे नाहीत, पण कापड खेचलं तर आवाज चढायचा. आक्का हसून पुन्हा पहिल्यापासून शिवायची.

मग विभागाच्या प्रमुख बाई निवृत्त झाल्या. त्यांची जागा मास्तरांना मिळणार असं सगळेच धरून चालले होते, मास्तर तर जास्तच. त्या आठवड्यात ते रोज इस्त्रीचा सदरा घालून येत होते. साहेबांनी मात्र आक्काचं नाव जाहीर केलं. हात मास्तरांचा चांगला, पण माणसं आक्काच्या भोवती जमतात, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता. चुकलं एवढंच, की मास्तरांना आधी खोलीत बोलावून दोन शब्द सांगायचे ते साहेबांनी सांगितले नाहीत. साऱ्या लोकांसमोरच मास्तरांना ते कळलं.

मास्तर उठून आक्काचं अभिनंदन करून आले. त्यांचे दात दिसले, हसू काही दिसलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी ते माझ्यापाशी आले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पाणी प्यायले. आणि माझ्या पोटात एक घडी पडली. अक्षर डाव्या हातानं काढलेलं, वेडंवाकडं. त्यात लिहिलं होतं, 'शिवण विभागाच्या नव्या प्रमुख बाई इस्पितळाच्या चादरींचं कापड पिशवीत घालून घरी नेतात. त्यांची पिशवी तपासावी.' खाली सही नव्हती.

आता खरं काय होतं ते ऐका. मास्तर आणि आक्का यांच्या बोलण्यातून मला ते कळलं होतं. बाद झालेल्या चादरी मधे विरतात, कडेला मात्र चांगल्या राहतात. तीन वर्षांपूर्वी आधीच्या साहेबांनी आक्काला तोंडी सांगितलं होतं की हे तुकडे घरी नेऊन बाळंतिणींच्या विभागासाठी झबली शिवत जा. ज्यांच्याकडे बाळाला घालायला काहीच नसतं अशा आया तिथं येतात. आक्का सुट्टीच्या दिवशी झबली शिवायची आणि स्वतः नेऊन द्यायची. ते साहेब हे सांगत होते तेव्हा मास्तर तिथंच उभे होते. झबल्याचा कागदी नमुनासुद्धा त्यांनीच कापून दिला होता. पुढं ते साहेब वारले आणि ही गोष्ट कागदावर यायची राहून गेली.

म्हणजे चिठ्ठीत एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ती इतकी वाईट होती.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मास्तर पुन्हा आले. हातात शिवणाची लोखंडी पट्टी होती. ती माझ्या फटीतून आत घालून ते चिठ्ठी वर ओढायला बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला हात असते तर मी स्वतः ती घडी बाहेर ढकलली असती. पट्टीचं टोक दोनदा कागदाला लागलं आणि दोनदा घसरलं. तेवढ्यात इस्त्री विभागातल्या उंच बाई पाणी प्यायला आल्या. मास्तरांनी पट्टी बाहीला पुसली, त्यांनीही पेलाभर पाणी घेतलं आणि ते निघून गेले. वाईट काम करायला त्यांना एक क्षण पुरला होता. ते मागं घ्यायला मात्र एकांत हवा होता, आणि तो त्यांना मिळाला नाही.

शनिवारी साहेबांनी कुलूप उघडलं. संध्याकाळी फाटकावर आक्काची पिशवी तपासली, त्यात चादरीचे आठ तुकडे निघाले.

सोमवारी साहेबांच्या खोलीत जे झालं ते दार उघडं असल्यामुळे मी सगळं ऐकलं. आक्कानं काहीच लपवलं नाही. झबली पोचत असतील बाई, असं साहेब म्हणाले, पण माल बाहेर न्यायची परवानगी कुणी दिली होती? तिनं आधीच्या साहेबांचं नाव घेतलं. ते तर हयात नाहीत. तेव्हा ती निर्धास्तपणे म्हणाली, "मास्तरांना विचारा. ते होते तिथं."

मास्तरांना बोलावलं. ते टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "मला आठवत नाही."

आक्कानं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. भांडली नाही, रडली नाही. मुख्य कचेरीचा निर्णय येईपर्यंत घरी थांबा असं साहेबांनी सांगितलं, तेव्हा तिनं आपली कात्री टेबलाच्या खणात ठेवली, खण लोटला आणि माझ्यासमोरून निघून गेली.

पुढचे तीन दिवस मी जे ऐकलं, त्यानं माझं लाकूड आतून पोखरल्यासारखं झालं. काल तिच्या डब्यातलं हक्कानं खाणारे आज म्हणू लागले की मला आधीपासूनच शंका होती. पिंपापाशी उभं राहून एकानं आठ तुकड्यांच्या आठ चादरी केल्या, दुसऱ्यानं ऐंशी. यांतला एकही माणूस तसा दुष्ट नव्हता. बोलायला विषय मिळाला होता, एवढंच. फक्त उंच बाई मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अकरा वर्षं शेजारी बसलात," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हाला काहीच आठवत नाही?" मास्तरांनी मशीन सुरू केलं. त्या आठवड्यात त्यांची शिवण पहिल्यांदाच तिरकी गेली. ते शिवायचे, उसवायचे, पुन्हा शिवायचे.

गुरुवारी सकाळी बाळंतिणींच्या विभागातल्या परिचारिका बाई आल्या. झबल्यांचं गाठोडं आलं नाही म्हणून चौकशीला आल्या होत्या. इथं काय घडलंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. या आठवड्यात नऊ बाळं टॉवेलात गुंडाळून घरी पाठवावी लागली, असं सांगत त्या शिवण विभागाच्या दारात थांबल्या. मास्तरांना बघून त्यांचा चेहरा खुलला.

"तुम्हीच ना ते मास्तर? मी एकदा आक्कांना म्हटलं, बाई, किती सुरेख कापता. तर म्हणाल्या, ही कापायची तऱ्हा माझ्या मास्तरांची."

परिचारिका बाई गेल्या तरी मास्तरांचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच राहिला. मशीन मात्र चाललं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. या वेळी त्यांनी डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही, पाणीही प्यायले नाहीत. हातात कागद होता, सरळ, वळणदार अक्षरात लिहिलेला, आणि खाली पूर्ण नावाची सही. त्यांनी तो अर्धा माझ्या फटीत सरकवला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. पण मास्तर थांबले. माझं कुलूप शनिवारी उघडणार होतं. शनिवारपर्यंत तो कागद अंधारात राहणार, मग एकटे साहेब तो वाचणार, आणि ज्या लोकांच्या तोंडी आक्काचं नाव मळलं होतं त्यांना कदाचित कधी कळणारही नाही.

त्यांनी कागद परत ओढून घेतला. माझ्या पोटातून परत गेलेली ती पहिली चिठ्ठी.

घड्या घालायच्या लांब टेबलांवर चाळीसएक माणसं डबे उघडून बसली होती. साहेबही खोलीच्या दारात उभे होते. मास्तर मधोमध गेले, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचू लागले. "मी शिवण विभागातला कारागीर. गेल्या आठवड्यातली बिनसहीची चिठ्ठी माझी. आक्कांना परवानगी मिळाली तेव्हा मी तिथं होतो. झबल्याचा नमुना मी कापून दिला होता. सोमवारी मला आठवत नाही असं मी म्हणालो, तेही खोटं. मला त्यांची जागा हवी होती."

वाचून झाल्यावर त्यांनी आपलं नावही वाचलं.

मोठं वाळवणी यंत्र त्याच वेळी फिरायचं थांबलं होतं, त्यामुळे ते नाव शेवटच्या टेबलापर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शिवीही दिली नाही. ऐंशी चादरींची गोष्ट सांगणाऱ्यानं डब्याचं झाकण हळूच लावलं. उंच बाईंनी एक स्टूल पुढं सरकवलं. "बसा मास्तर," त्या म्हणाल्या.

साहेबांचाही चेहरा उतरला होता. नाव नसलेल्या कागदावर विसंबून आपण पिशवी आधी तपासली आणि माणसाला नंतर विचारलं, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी मुख्य कचेरीला फोन केला आणि मास्तरांना घेऊन ते त्याच दुपारी आक्काच्या घरी गेले. उंच बाईही हट्टानं बरोबर गेल्या, म्हणून तर पुढची हकीकत मला कळली. आक्का खिडकीशी बसून झबली शिवत होती. फाटकावर न सापडलेले, आधी घरी नेलेले काही तुकडे शिल्लक होते, तेवढे ती संपवत होती. तिनं दोघांचंही, त्या नऊ बाळांची गोष्टसुद्धा, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मास्तरांना कामावरून काढायचं पत्र तयार होईल, असं साहेब म्हणाले.

"माफ केलं असं मी आज म्हणणार नाही," आक्का म्हणाली. "ते मला जमेल तेव्हा जमेल. पण साहेब, यांचे हात घरी बसवू नका. नऊ बाळं उघडी गेलीत."

शुक्रवारी सकाळी ती आली. मी इतकी वर्षं या भिंतीवर आहे, पण तसा दिवस दुसरा पाहिला नाही. फाटकापासून शिवण विभागाच्या दारापर्यंत दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. धुणारे ओल्या हातांनी आले होते, इस्त्रीवाल्या टेबलं सोडून आल्या होत्या. जे तिच्याविषयी वाईट बोलले होते ते सगळ्यांत पुढं होते, आणि खरंच ओशाळलेले होते. आक्का ताठ मानेनं मधून चालत आली. माझ्यासमोर आल्यावर मात्र तिला एवढा मान सोसेना. "इस्त्र्या तापत ठेवून आलात ना सगळ्या," ती म्हणाली, "चला, कापड जळेल." लोक जे हसले, ते हसू साऱ्या इमारतीत फिरलं. ती जागेवर बसली, खणातून कात्री काढली आणि पंधरा मशीनं एकदम सुरू झाली. माझ्यामागची भिंतसुद्धा थरारली.

मास्तरांना लेखी तंबी मिळाली. ती त्यांनी मान खाली घालून घेतली. आक्का त्यांच्याशी कामापुरतं बोलायची आणि हाक मारताना नुसतं 'अहो' म्हणायची. चार महिने गेले. मग एका दुपारी तिच्या मशीनचा दोरा गुंतला आणि तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "मास्तर, जरा बघता का?" मास्तर उठले, त्यांनी दोरा सोडवला आणि चष्मा पुसत पुसत बराच वेळ तिथंच उभे राहिले.

आता झबली इथंच शिवली जातात, उघडपणे, साऱ्या विभागाच्या हातून, आणि त्याची परवानगी साहेबांच्या सहीनिशी भिंतीवर लावलेली आहे. बिनसहीच्या चिठ्ठ्या अजूनही येतात आणि साहेब त्या वाचतात. ज्याला नाव सांगायची भीती वाटते त्याचंही ऐकायला हवंच, नाहीतर उघडी वायर कुणी सांगितली असती? फक्त आता ते आधी माणसाला समोर बसवून विचारतात आणि मगच पुढचं पाऊल टाकतात.

माझा हिरवा रंग उडालाय, बिजागरी कुरकुरते. तरी मी खूश आहे. माणसाच्या पोटात किती काळं असू शकतं ते मी पाहिलंय, आणि तोच माणूस चाळीस जणांसमोर ते सगळं बाहेर काढून उजेडात ठेवतो तेव्हा केवढा उंच होतो, तेही पाहिलंय. हे दुसरं पाहिल्यावर पहिल्याची मला भीती उरली नाही.

तुम्हीही कधी माझ्यासारख्या एखाद्या पेटीपाशी याल. घडी घातलेला कागद हातात असेल. जरूर टाका, त्यासाठीच तर आम्ही आहोत. फक्त टाकण्याआधी तो एकदा मोठ्यानं वाचून पाहा. आवाज अडखळला नाही, तर माझं तोंड तुमच्यासाठी उघडंच आहे.