जाळी नव्हती

कारखान्यात त्याला सगळे मिस्त्री म्हणत आणि त्याच्या बायकोला मिस्त्रीणबाई. पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना. ती गम लावायच्या टेबलावर, तो यंत्रांच्या पोटात डोकं घालून. आपल्या हाताचा मिस्त्रीला भारी अभिमान. मी बसवलेला नट हलला तर मिशी उतरवीन, असं तो छाती फुगवून सांगायचा. मुळात मिशी नव्हतीच, ही गोष्ट वेगळी.

त्या सोमवारी पंचिंग मशीनवर 'नवी'ची दोन बोटं गेली. तीन आठवड्यांपूर्वी लागलेली पोरगी; नाव नीट कळायच्या आत सगळे तिला नवीच म्हणू लागले होते. हात आत जाऊ नये म्हणून त्या मशीनच्या तोंडावर लोखंडी जाळी असते. ती तीन महिन्यांपूर्वी मालकांनी मिस्त्रीला काढायला लावली होती. जाळीमुळे पुठ्ठा सरकवायला वेळ लागतो म्हणे. "नको हो मालक," असं मिस्त्री तेव्हा म्हणाला होता खरा, पण इतक्या हळू, की ते त्याचं त्यालाही धड ऐकू आलं नसेल.

पोरीला दवाखान्यात नेलं आणि तासाभरात मालक मिस्त्रीला म्हणाले, "जाळी बसवून टाका. आणि जुनी दिसली पाहिजे, काय?"

मिस्त्रीनं बसवली. बोल्टांच्या डोक्यांना काळं ग्रीस चोपडलं, त्यावर जमिनीवरचा पुठ्ठ्याचा भुसा बोटानं दाबला. बोल्टांखालच्या चार वायसरांपैकी एक हरवला होता, तिथं नवा घातला आणि जळक्या तेलानं काळा केला. आयुष्यात इतकं सुबक काम त्यानं क्वचितच केलं असेल. दोन पावलं मागे होऊन त्यानं ते न्याहाळलं आणि क्षणभर त्याला चक्क बरं वाटलं. पुढे त्याला बऱ्याच गोष्टींची लाज वाटली, पण त्या बरं वाटण्याची जितकी वाटली तितकी कशाचीच नाही.

मंगळवारी मालकांनी एक कागद फिरवला. जाळी कायम जागेवर होती, पोरीनंच ती स्वतःच्या हातानं सोडली, असं त्यात होतं. हे खरं ठरलं की तिच्या हाताची जबाबदारी कुणावरच येणार नव्हती. उलट यंत्राशी खेळ करणारी म्हणून तिला दुसरीकडे कुणी दारात उभं केलं नसतं. अकरा जणांनी खाली मान घालून सह्या केल्या. मिस्त्रीचं नाव त्यात तिसरं. कागद गमच्या टेबलावर आला तेव्हा मिस्त्रीणबाईनं तो पूर्ण वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"तुम्हीच समजवा तिला," मालक मिस्त्रीला म्हणाले.

घरी त्यानं चहाचा कप हातात धरून सुरुवात केली. "अगं, सगळ्यांनी केली सही. तुझ्या एकटीनं काय होणार आहे?"

"काही नाही होणार कदाचित."

"मग?"

"मग काय? जाळी नव्हती."

"कामावरून काढतील."

"काढू देत. अहो, देव बघतोय. त्याच्यापुढे एक बोलायचं आणि मालकांपुढे एक, एवढ्या जिभा नाहीत मला." मग तिनं त्याच्या सहीबद्दल एकदाच विषय काढला. "घाईत केली असेल तुम्ही. तपासणीच्या साहेबांनी समोर बसवून विचारलं की खरंच सांगाल. मी ओळखते की तुम्हाला."

मिस्त्रीचा चहा गार झाला.

गुरुवारी तपासणीचे साहेब आले. सगळ्यांना मशीनभोवती उभं केलं. साहेबांनी बोल्टवरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "ही तर जुनीच दिसतेय." कुणीतरी खोकलं. साहेबांनी कागदावरची नावं मोजली. "अकरा जण म्हणतात जाळी होती. तुमची सही नाही, बाई?"

"नव्हती जाळी, साहेब. ती पोरगी लागली त्याच्या कितीतरी आधीपासून नव्हती."

"पुरावा?"

"आमच्या यांना विचारा की," तिनं मिस्त्रीकडे बोट केलं. तिचा चेहरा किती निर्धास्त होता! "या मशीनचा प्रत्येक स्क्रू त्यांच्या हातचा आहे. ते खोटं नाही बोलणार."

साहेब वळले. मालकही वळले. मिस्त्रीला आपल्या नोकरीचा, घराचा, बावीस वर्षांचा, सगळ्याचा एकदम विचार आला. आला नाही तो फक्त त्या पोरीचा. तो बायकोच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "होती. कायम होती."

मिस्त्रीणबाईच्या कानापर्यंत लाली चढली. चोरी त्यानं केली होती, पण पकडली गेली ती, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. साहेब जरा मवाळ होऊन म्हणाले, "बाई, आता तर तुमचे यजमानच सांगतायत. नजरचूक झाली असेल. करताय सही?"

तिनं पदर सारखा केला. "तरी नव्हती," ती म्हणाली.

संध्याकाळी तिला उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. मालकांनी मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही आपलं माणूस, मिस्त्री." ती थाप त्याच्या पाठीला घरी पोचेपर्यंत लागत होती.

घरी तिनं भांडी आपटली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्याला किती सोपं गेलं असतं. तिनं नेहमीसारखं ताट वाढलं. दिवेलागणीला नेहमीसारखी हात जोडून बसली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "यांच्या हाताला यश दे." बावीस वर्षांचं तिचं हे रोजचं मागणं. आज तरी ती ते गाळेल असं त्याला वाटलं होतं. तो उठून गॅलरीत गेला आणि कठड्याचा एक ढिला स्क्रू उगाच नखानं पिळत उभा राहिला.

रविवारी सकाळी दार वाजलं. नवी होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरी पट्टी, डाव्या हातात पिशवी. ती आत आली ती सरळ मिस्त्रीच्या पायाशी वाकली.

"काका, दवाखान्यात कळलं मला, काकूंनी सही नाही केली म्हणून. अख्ख्या कारखान्यात तुमच्या एका घरानं माझी बाजू घेतली."

मिस्त्रीनं बायकोकडे पाहिलं. आता ती सांगेल, आत्ता सांगेल. पण ती म्हणाली, "बस गं. पाणी आणते." आणि आत गेली. त्याला वाचवायला गेली, की त्याचं त्यालाच बोलू द्यायला, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही.

पोरगी पिशवीतून अर्ज काढत होती. "तपासणीवाल्यांच्या वरच्या ऑफिसात द्यायचाय, काका. दोन साक्षीदार हवेत. काकू आहेतच, आणि तुम्ही."

डाव्या हातानं तिला पेनचं टोपणसुद्धा निघेना. मिस्त्रीनं पेन तिच्या हातातून घेतलं. साक्षीदाराच्या जागेवर नुसती सही करून मोकळं होता आलं असतं. ती जन्मभर काका काका करत राहिली असती. त्यानं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या सुबक अक्षरात लिहायला बसला. जाळी तीन महिन्यांपूर्वी मी काढली. अपघातानंतर तासाभरात मीच बसवली. ग्रीस आणि भुसा मी लावला. डावीकडचा खालचा वायसर नवा आहे, काळं पुसून बघावं. गुरुवारी साहेबांसमोर मी खोटं बोललो. खाली सही केली.

हे लिहिलं की छातीवरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं. पोरगी ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचत गेली. वायसरपाशी तिचं बोट थांबलं, मग शेवटच्या ओळीपाशी बराच वेळ.

मिस्त्रीणबाई पाणी घेऊन आली. तिनं कागद वाचला, पेन उचललं आणि नवऱ्याच्या सहीखाली आपली सही केली. तिचे डोळे भरून आले होते. "मी म्हटलंच होतं," एवढंच ती पुटपुटली.

पोरीनं घडी करून कागद पिशवीत ठेवला आणि उठली.

"येते, काकू."

मिस्त्री तिच्या मागोमाग दारापर्यंत गेला. पिशवी धरू का, असं विचारायला त्यानं हात पुढे केला, तर तिनं पिशवी छातीशी घेतली. ती जिना उतरेपर्यंत तो उभा होता, निदान खालून तरी एकदा काका म्हणेल म्हणून. तिनं वळूनही पाहिलं नाही, आणि त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं.