जबडे बदलायचा वेळ

माझी मावसबहीण, आम्ही तिला ताईच म्हणतो, लग्न होऊन गेली ती थेट लेथच्या घरघरीत. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये भावोजींचं कातकाम, म्हणजे लेथवर लाकूड फिरवत पटाशीने कोरणं. भावोजी लाकडी वाडगे करायचे. हातात कसब होतं त्यांच्या, हे मी आजही नाकारत नाही. ओबडधोबड ठोकळ्यातून इतका पातळ वाडगा काढायचे की उन्हात धरला तर कडेतून उजेड दिसावा. ताई त्यांच्या हाताखाली. वाडगे घासायची, तेल लावायची आणि जबडे बदलायची.

या जबड्यांचं जरा सांगायला हवं. लेथवर लाकूड घट्ट धरून फिरवतो तो चक. त्याला चार जबडे. वाडगा आतून कोरताना लहान जबडे लागतात. मग तो उलटा करून बूड साफ करायचं तर मोठे. एकेका जबड्याला दोन स्क्रू, म्हणजे आठ काढायचे आणि आठ लावायचे. शिवाय जबड्यांवर आकडे कोरलेले, क्रम चुकला की वाडगा डुगडुगलाच. एखादा स्क्रू बोटांतून निसटून भुशात पडला की ताई गुडघ्यांवर बसून चुंबक फिरवायची आणि भावोजी डोक्यावर उभे राहून "झालं का? झालं का?" करायचे. एका वेळेला नऊ-दहा मिनिटं, अशी दिवसातून पंधरा वेळा.

ताईला कातायला शिकायचं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तिच्या मनात ते होतं. भावोजी नाही असं कधी म्हणाले नाहीत. "शिकवीन की. पण वेळ कुठे आहे? निम्मा दिवस जबडे बदलण्यातच जातो." एकोणीस वर्षं हेच उत्तर.

दुसरी एखादी रुसली असती. ताईने मात्र ते उत्तर खरं मानलं. वेळ नाही ना, मग वेळ काढायचा, असा तिचा सरळ हिशेब. आधी ती म्हणाली, आपण दुसरा चक घेऊ. एकावर लहान जबडे कायम, दुसऱ्यावर मोठे, म्हणजे अख्खा चकच बदलायचा. भावोजी म्हणाले, "चक काय झाडाला लागतात?" मग तिने माझ्याकडून बॅटरीवर चालणारा स्क्रूड्रायव्हर नेला. भावोजी ओरडले, आटे खराब होतील. तिने त्याचा जोर अगदी कमी ठेवला, शेवटचा पीळ हाताने दिला, आणि दहा मिनिटांची पाच झाली. भावोजींनी त्या पाच मिनिटांत चहा प्यायला सुरुवात केली.

एके दिवशी दुपारी ती माझ्या वर्कशॉपमध्ये आली. मी फिटर, लोखंडातला माणूस. एक मिलिंग मशीन, एक ड्रिल, एवढाच पसारा. तिने पिशवीतून अंघोळीच्या साबणाची वडी काढली. सुरीने कोरलेली.

"हे काय?"

"जबडा. स्क्रू नकोतच. खोबणीत सरकवायचा, टक् असा आवाज आला की बसला."

मी वडी उलटसुलट करून पाहिली. "बरं. बाहेरून आत सरकवू. मागे स्प्रिंगची पिन देऊ."

"बाहेरून नाही रे. चक फिरतो तेव्हा सगळं बाहेर पळतं. मग सगळा भार तुझ्या एवढ्याशा पिनेवर. आतून बाहेर सरकव आणि पुढे अडवायला खांदा ठेव. जितका जोरात फिरेल तितका घट्ट बसेल."

वीस वर्षं लोखंड घासतोय मी. तिचं ऐकलं आणि कामाला लागलो.

चार महिने लागले. पहिला संच खुळखुळला. दुसरा भुशाने असा अडकला की हातोडीने काढावा लागला. तेव्हा ताईनेच खोबणीच्या टोकाला भोक पाडायला सांगितलं, म्हणजे भुसा आपोआप बाहेर पडेल. तिसरा माझ्या चुकीने वाया गेला. चौथा बसला. चारही जबडे बदलायला पन्नास सेकंद. तिने मोबाइलवर वेळ लावून मला तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा हसली तेव्हा मला ती लग्नाआधीची दिसली.

घरी काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. भावोजींनी चक हाताने फिरवून पाहिला, लेथ चालू केला, बंद केला. "बरंय," म्हणाले.

"अहो, पहिल्यापेक्षा आता रोजचे दोन तास सुटले. आजपासून शिकवाल?"

"अगं, दोन तास म्हणजे चार वाडगे जास्त. आधी हातातलं काम उरकू दे."

काम काही उरकलं नाही. उलट जबडे बदलणं इतकं सोपं झालं की भावोजी स्वतःच बदलायला लागले. ताई शेडमध्ये गेली की विचारायचे, "आता काय काढलंस इथे?" तिने पुन्हा एकदा विषय काढला, तेव्हा लेथ न थांबवता म्हणाले, "या वयात? पटाशी उडून तोंडावर बसली म्हणजे?" वेळेचं नावही काढलं नाही. ते सांगताना ताई माझ्या स्टुलावर बसली होती, आणि एका फडक्याने तोच तो हात पुसत होती.

मग मास्तर आले. जवळच्या प्रशिक्षण केंद्रात कातकाम शिकवणारे. कुणाकडून तरी त्यांनी जबड्यांचं ऐकलं होतं. मी त्या दिवशी जादा संच द्यायला शेडमध्येच होतो. भावोजींनी टकाटक जबडे काढून दाखवले, बसवून दाखवले. मास्तर तर लहान मुलासारखे खूश.

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"एवढी वर्षं लेथवर काढल्यावर सुचतं माणसाला," भावोजी म्हणाले.

मी ताईकडे पाहिलं. ती दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

मास्तरांनी एक जबडा हातात घेतला. "पण मिस्त्री, हा आतून का सरकवायचा? बाहेरून सोपं गेलं असतं की."

भावोजींनी जबडा घेतला, फिरवला, डोळ्यांजवळ नेला. त्यांना सांगता येईना. शेवटी ताईच बोलली, "फिरताना जबडा बाहेर पळायला बघतो. तिथे त्याला खांदा अडवतो, पिनेवर भार येत नाही."

मास्तर वळून तिच्याकडे बघायला लागले. भावोजी मोठ्याने हसले. "बघा, दिवसभर माझी बडबड ऐकून हिचंही पाठ झालंय!"

मास्तर हसले. आणि मीही हसलो. हेच मला सांगायचं होतं, पण इतका वेळ जीभ रेटत नव्हती. मी हसलो, ट्रेमधला कप उचलला आणि चहा प्यायलो.

फाटकापर्यंत ताई सोबत आली. "तू का नाही बोललास?"

"तुम्हा नवरा-बायकोच्या मध्ये मी कशाला..."

"हं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पंधरा दिवसांनी ती वर्कशॉपच्या दारात उभी. "ड्रिलवर माणूस हवाय म्हणत होतास ना? मी येते." घर तिने सोडलं नाही. सोडून जायचं कुठे, आणि मीच का जायचं, म्हणाली. पण शेडमध्ये पुन्हा पाऊल ठेवलं नाही. मला फार टोचत होतं, म्हणून मी म्हटलं, "ताई, एक जुना लेथ मिळतोय. इथे कोपऱ्यात बसवू. शीक तू."

"कोण शिकवणार? तू?"

"कुणीतरी बघू. मास्तर आहेत."

तिने ड्रिलचं हँडल धरलं. "मला त्यांच्याकडून शिकायचं होतं रे. त्यांच्यासारखा पातळ वाडगा दुसऱ्या कुणाला जमत नाही." मग तिने ड्रिल चालू केलं.

सहा महिन्यांनी भावोजी आले. वर्कशॉपमध्ये पहिल्यांदाच. मोठ्या जबड्यांवर वाडगा फार ताणून बसवला होता, एक पिन मोडली होती. ताई पाच हातांवर उभी, पण तुकडे त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

"माझ्या मापाने नीट करून दे. परवा केंद्रात दाखवायचंय."

या वेळी मी बोललो. "भावोजी, डिझाइन ताईचं. तिलाच सांगा."

त्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. वाटलं, आता काहीतरी बोलतील. "कुणीही करा," म्हणाले, "पण आत्ता करा," आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

ताईने तुकडे उचलले. कॅलिपरने माप घेतलं, नवी पिन कापली, तापवून लालभडक केली, तेलात बुडवली, ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा मंद आचेवर धरली. खोबणीत टाकून चार वेळा दाबून पाहिली. कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. मी ती बाहेर नेऊन दिली. भावोजींनी खिशात टाकली आणि गेले.

आत आलो तर ताई हात धूत होती.

"पिन मुद्दाम वाईट करायची होती," ती म्हणाली. "तिथल्या तिथे मोडेल अशी. सगळ्यांसमोर. पण हातच वळला नाही."

मी टॉवेल पुढे केला. तिने तो घेतला नाही, हात साडीलाच पुसले आणि पुढचा तुकडा शिकंज्यात आवळला.