मेणाचे डोळे

लुईझाचं डोकं फिरलं ते फ्रिजच्या दारातली बाटली बघून. नवऱ्याच्या डोळ्यांत घालायचे थेंब, आणि बाटलीचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. म्हणजे सांतान रोज जेवून उठला की खोलीचं दार लोटून "थेंब घालतंय" म्हणायचा, ते सगळं नाटक होतं.

सांतान शिरोड्यातला शिंपी. घराच्या पडवीतच त्याचं शिलाईयंत्र. चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून वेंगुर्ल्याला गेला आणि काचबिंदू घेऊन परत आला. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही बसवून समजावलं होतं. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं, त्याची बाहेर पडायची वाट हळूहळू तुंबत जाते, मग दाब वाढतो आणि मागची नस सुकायला लागते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसेनासं होतं, समोरचं मात्र शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. डावा डोळा बराचसा गेलाय, उजवा वाचवता येईल. पण थेंब जन्मभर, एक दिवसही न चुकता.

एवढं ऐकून या शहाण्याने काय करावं? गोव्यात चर्चच्या फेस्ताला गेला, नवसाचे मेणाचे दोन डोळे विकत घेतले, सायबिणीच्या, म्हणजे देवमातेच्या, पायांशी ठेवले आणि थेंबांना हातच लावला नाही.

"डोळे तिच्या हवाली केले," तिने जाब विचारला तेव्हा तो यंत्रावरून मान न उचलता म्हणाला. "वरसून थेंबय घातले तर तिका काय वाटतला? हेचो माझ्यार विश्वास नाय, असाच ना?"

"पाद्री मिस्सेच्या आधी बीपीची गोळी घेता," लुईझा म्हणाली. "तेचो विश्वास खंय गेलो?"

"तेची गोष्ट वायली."

काय वेगळी, ते त्याने सांगितलं नाही. उलट सुई उचलली, पहिल्याच फटक्यात दोरा ओवला आणि तिच्यासमोर धरली. "बघ. आंधळ्याक ह्या जमता?"

या सुईचा लुईझाला मनस्वी वैताग होता. शेजारीपाजारी, गिऱ्हाईक, जो विचारील त्याला हा सुई ओवून दाखवायचा. समोरचं शेवटपर्यंत दिसतं, हे बाईंनी सांगितलेलं तिने कितीदा तरी सांगून पाहिलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. ती तणतणत आत गेली. हा माणूस एक दिवस पूर्ण आंधळा होणार आणि तेव्हाही आपलंच खरं म्हणणार, या विचाराने तिला रडूच फुटलं.

रागाला काही काम हवं म्हणून ती कुळीथ निवडायचं सूप घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली आणि घराला वळसा घालून पडवीत येऊन त्याच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, स्टुलावर बसली. बोलायचं नाही असं ठरवूनच. कुळीथ निवडत राहिली. थोड्या वेळाने यंत्र थांबलं.

"लुईझा," सांतानने उजवीकडच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हाक मारली. "रागावलंस गो?"

तिने कुळथातला एक खडा वेचून बाजूला ठेवला.

"आयक," तो त्या रिकाम्या दाराशी बोलत राहिला. "माका भय वाटता. थेंब घालूक बसलंय की डोळे जातत ह्याच मनात येता. सायबिणीक दिल्यार तेवढा तरी विसरतंय."

लुईझाचे हात सुपात थांबले. आपण हातभर अंतरावर बसलोय आणि याला दिसत नाही. राग कुठच्या कुठे गेला.

"मी हयच आसंय," ती हळूच म्हणाली.

सांतान दचकला. सगळी मान वळवून त्याने तिच्याकडे पाहिलं, मग सुपाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"कधी आयलंस?"

"मगाशीच."

त्याने सुई सुयांच्या गादीत खोचली आणि मान मागे टाकून बसला. "हाड ती बाटली."

तिने आणली. पहिला थेंब गालावरून ओघळला, कारण त्याने डोळा मिटला. "डोळो मोठो कर, मेल्या," ती ओरडली. दोन्ही डोळ्यांत थेंब पडल्यावर बाईंनी दाखवलं होतं तसे तिने नाकाजवळचे कोपरे बोटांनी दाबून धरले.

"आता डावेकडचा दिसतला?" त्याने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. "नाय," ती म्हणाली. "गेला ता येवचा नाय. उरला ता ऱ्हवतला."

"तर मगे तू उजवेकडे बस गो," सांतान म्हणाला. "थयसून माका दिसतलंस."

लुईझाने पदराने नाक पुसलं. मग स्टूल उचललं आणि यंत्राला वळसा घालून त्याच्या उजव्या हाताला जाऊन बसली.