काळा रस्सा

टेओफिल जॉबर स्वतःला लाटसाहेब समजायचा. अमेरिकेतल्या फॉल रिव्हरच्या कापडगिरणीत बिघडलेला माग आधी कुणाचा दुरुस्त करायचा, हे त्याच्या मर्जीवर होतं आणि माग बंद तर मजुरी बंद. म्हणून पोलंडहून एकट्या आलेल्या पोरी त्याच्याशी हसून बोलायच्या. या गाढवाला वाटायचं, सगळ्या आपल्यावर भाळल्यात.

अपोलोनिया हसायची नाही. म्हणूनच की काय, केसांना तेल चोपडून रविवारी तो तिलाच मागणी घालायला आला. ती कुनेगुंदामावशीच्या घरी इतर पोरींबरोबर राहत होती. जेवणखाणही तिथंच.

"हो म्हण गं बाई," मावशी चुलीपाशी कुजबुजली. "जन्मात तुझा माग बंद पडायचा नाही."

अपोलोनियाने बदकाच्या रक्ताचा काळा रस्सा वाढून आणला. त्यांच्या गावाकडे मागणी घालणाऱ्यापुढे हा रस्सा आला की तो काय ते समजतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि टोपी उचलून निघतो. तोंडाने कुणी नाही म्हणत नाही, चारचौघांत अब्रू राहते.

टेबलाभोवतीच्या पोरींचे चमचे थांबले. टेओफिलने मात्र जोरात भुरका मारला. लहानपणीच पोलंडहून अमेरिकेत आलेल्या त्या शहाण्याला गावाकडची एक रीत ठाऊक असेल तर शपथ.

"वा! सुगरण आहेस की," तो म्हणाला. "आण अजून. लग्नानंतर दर रविवारी हाच करायचा."

एक पोर हसू दाबायला तोंडावर रुमाल धरत बाहेर पळाली. अपोलोनियाला त्याची कीवसुद्धा येईना. मूठ झाकलेली ठेवायची संधी वाढून दिली होती, मेल्याने ती पावाने पुसून खाल्ली.

"खा, पोटभर खा," ती म्हणाली. "आमच्यात हा रस्सा नको असलेल्या नवऱ्याला वाढतात. दुसऱ्यांदा मागून घेणारा तूच पहिला."

त्याचे कान लाल झाले. "उद्या तुझा माग कोण दुरुस्त करतो तेच बघतो!"

"नको करूस. बंद मागापुढे दिवसभर उभी राहीन, पण तुझ्यापुढे ताट घेऊन जन्मभर नाही राहायची."

सोमवारी सकाळीच तिचा माग अडला. टेओफिल शीळ घालत दोनदा शेजारून गेला. तिने हाक मारली नाही. दिवसभर हात बांधून उभी राहिली, संध्याकाळी घरी आली, मावशीची बडबड ऐकत जेवली आणि गाढ झोपली.